कौसाईचा पान्हा

कौसाईच्या अंगाला एक वास होता. बालाघाटाच्या उतारांवरचं गवत पिवळं पडू लागतं, सीताफळांचे डोळे उघडू लागतात, तेव्हा कार्तिकातल्या कोवळ्या उन्हाला जो किंचित आंबूस, किंचित गोडसर गंध येतो, त्याच्या जवळचा तो वास. त्यात मेंढीच्या ओल्या लोकरीचा उग्रपणा असे, रानातल्या धुळीचा कोरडेपणा असे, आणि या सगळ्याच्या तळाशी दुधाचा एक मंद, उबदार दरवळ असे. ती दारात आली आहे हे मला तिच्या पावलांवरून कधी कळलं नाही. या वासावरूनच कळायचं. मान वर करून पाहावं तर चौकटीत ती उभी, उंच, सडसडीत, उन्हानं करपलेल्या गव्हाळ रंगाची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि डाव्या हाताच्या घडीत छातीशी धरलेलं एखादं दोन दिवसांचं कोकरू. ते कोकरू तिच्या काखेत तोंड खुपसून असं निवांत असायचं की जन्माला येऊन त्याला फक्त तेवढीच जागा शोधायची होती.

नेकनूरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा गावात मी शिक्षिका म्हणून बदलून आले, तेव्हा शाळेमागच्या दोन खोल्या मला राहायला मिळाल्या. माझे यजमान औरंगाबादला कारखान्यात नोकरीला. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जायचे. आमचं बौद्ध घर. गावात कुणी तोंडावर काही बोलत नसे, पण कोण उंबऱ्याच्या आत येतं आणि कोण बाहेरूनच बोलून जातं, हे माझ्या लगेच ध्यानात आलं होतं. खोल्यांच्या पलीकडं एक बोळ, आणि बोळाच्या पलीकडं धनगरांचं घर. तिथं दगडूभाऊ, त्यांची म्हातारी आई आणि बायको कौसाबाई राहत. दिवस उगवताना मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज डोंगराकडं जाई आणि मावळताना परत येई. त्या दोन आवाजांच्या मधल्या अवकाशात गावाचा दिवस भरून असे.

मैत्रीचा जन्म झाला त्या वर्षीची ही गोष्ट. बाळंतपणासाठी माझी आई येऊन राहिली होती. बाळ बारा दिवसांचं असताना, सकाळी, माझ्यासाठी अळिवाची खीर ढवळता ढवळता ती चुलीपुढंच कलंडली. मी हाक मारली, तिनं ओ दिली नाही. इतक्या थोडक्यात एक माणूस संपतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पाहुणे आले, सगळं झालं, पाहुणे गेले. मी रडले नाही. अंगावर पिणारं मूल आहे, रडू नकोस, दूध नासेल, असं आल्यागेल्या बायका सांगत होत्या, आणि मी आज्ञाधारकपणे सगळं आत दाबून ठेवत होते. आठवड्याभरात माझी छाती सैल पडली. बाळ ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं, आणि मग मान मागं टाकून असा आकांत करायचं की माझे कान बधिर व्हायचे. डब्यातलं दूध दिलं तर त्याला जुलाब लागले. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "दूध आटलेलं नाही, अडलेलं आहे. आईचं मन बांधलेलं असलं की दूध तयार असूनही उतरत नाही. तुम्ही बाळाला लावत राहा, आणि स्वतःला थोडं मोकळं सोडा." मोकळं कसं सोडायचं, ते मला विचारता आलं नाही.

पलीकडच्या घरात त्याच पंधरवड्यात दुसरंच दुःख उतरलं होतं. कौसाबाईचं पहिलं मूल, मुलगा, पाच दिवस जगून गेला होता. मूल गेलं, पण ते तिच्या शरीराला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या स्तनांत दूध भरत होतं, साकळत होतं, दगडासारखं होत होतं. सासूनं घट्ट फडकं बांधून दिलं होतं. दोन्ही हात अंगापासून लांब धरून ती अंगणातून चालायची, आणि दिवसातून दोनदा परसातल्या भिंतीशी बसून ते दूध मातीत पिळून टाकायची. मी हे खिडकीतून एकदा पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. एका बाजूला भरलेपणाची यातना आणि दुसऱ्या बाजूला रितेपणाची, आणि मध्ये चार हातांचा बोळ.

तो बोळ तिनं ओलांडला. भर दुपार होती. मैत्री तासभर रडत होती. दारात तो वास आला. मी वर पाहिलं. पदर पुढं ओढूनही तिच्या चोळीवरचे दोन ओले, मोठे डाग लपत नव्हते.

"बाई, ऐकवंना वो आता," ती म्हणाली. "तुमची पोर रडली की हिकडं माझ्या अंगातून धारा लागत्यात. फडकं बांधलं तरी थांबत न्हाईत. एकडाव घिऊ का तिला?"

ती उंबऱ्यावर थांबली होती. आत ये म्हणायची ती वाट बघत होती की आत येण्यासाठी तिला तिचंच बळ गोळा करायचं होतं, मला कळलं नाही. मग तिनं पाऊल आत टाकलं, भिंतीला टेकून मांडी घातली आणि हात पुढं केले. मी मूल दिलं.

त्यानंतर खोलीत जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते. आठ दिवसांच्या आक्रोशानंतर फक्त एक लहानसा, लयबद्ध आवाज, घुटका, श्वास, घुटका, श्वास. कौसाबाईनं डोळे मिटले होते. तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी ठणका उतरल्याचा आराम होता आणि कुणीतरी काळीज पिरगाळावं तशी वेदना होती. मिटल्या पापण्यांतून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण दोन्ही हातांत माझी मुलगी होती. मला तिथं थांबवेना. कृतज्ञता वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर. मी स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या पातेल्याकडं बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर आल्या. त्यांनी कौसाबाईचं गरोदरपणातलं कार्ड मागवून सगळ्या तपासण्या पाहिल्या, काही शंका नाही याची खात्री केली आणि हरकत नाही म्हणाल्या. हरकत आली ती पलीकडच्या घरातून. म्हातारीचा आवाज बोळ ओलांडून स्पष्ट ऐकू आला, "सगळं गाव सोडून तेच घर घावलं व्हय तुला?" कौसाबाईनं उत्तर दिल्याचं ऐकू आलं नाही. पण ती आली. त्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली, रोज चार वेळा येत राहिली. म्हातारीनं तिला देवापाशी दिवा लावायला बंदी केली होती. हे तिनं मला फार नंतर सांगितलं, तेही हसत, "बरं झालं की, तेवडंच एक काम कमी."

पंधरा दिवस असे गेले असतील. एका सकाळी मैत्रीला पाजून निजवल्यावर ती उठली नाही. माझ्याकडं बघत राहिली. "तुमी रडल्या न्हाईत बाई," ती म्हणाली. "आई गेली तवापासून एकडाव बी न्हाई. मी भितीपल्याडून ऐकत आस्ती की. पोरीचं रडणं येतं, तुमचं येतच न्हाई."

मी म्हटलं, "दूध नासेल म्हणतात."

"कोण म्हनतं? माझं नासलं का? मी तर रोज रडती."

तिनं तेल कोमट केलं, मला पाठमोरी बसवलं आणि दोन्ही अंगठ्यांनी मणक्याच्या कडेनं वरून खाली चोळू लागली. मेंढ्यांची लोकर कातरून कातरून राठ झालेले ते हात माझ्या पाठीवर असे फिरत होते की जणू तिथं कुठंतरी एक गाठ बसली आहे आणि ती सोडवल्याशिवाय त्यांना परत जायचं नाही. माझी आई माझ्या पाठीला असंच तेल लावायची. ते आठवलं मात्र, आणि मी फुटले. किती वेळ, सांगता येत नाही. भान आलं तेव्हा माझी छाती जड झाली होती, आत मुंग्या धावल्यासारखं होत होतं, आणि चोळी ओली झाली होती.

"आला बगा पान्हा," कौसाबाई म्हणाली आणि झोपलेली मैत्री उचलून तिनं माझ्या मांडीवर ठेवली.

तिला तेव्हा उठून जाता आलं असतं. तिची गरज संपली होती, असं कुणी म्हटलं असतं. पण मीच म्हटलं, "तुम्ही येत राहा." पुढचे आठ महिने माझ्या मुलीला दोन आया होत्या. सकाळी शाळेत जाताना मी तिला कौसाबाईच्या ओटीत देई आणि दुपारी परत घेई. पहिले शब्द फुटले तेव्हा तिनं स्वतःच एक नाव तयार केलं, कौसाई. आणि मग सगळ्या गल्लीनंच ते उचललं.

कौसाईला पुन्हा मूल झालं नाही. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेले. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. दगडूभाऊंना कुणी दुसरं लग्न सुचवलं तेव्हा ते मेंढ्या घेऊन दोन महिने रानातच राहिले. हेच त्यांचं उत्तर होतं. म्हातारी पुढं देवाघरी गेली. मैत्री कौसाईच्या मागं डोंगरात हिंडू लागली. संध्याकाळी उतारावरून परतताना पुढं कळप, मागं त्या दोघी, एक उंच आणि एक ठेंगणी, आणि मावळतीच्या उन्हात त्यांच्या सावल्या एकमेकींत मिसळून गावाकडं लांबत येत. मी वह्या तपासता तपासता मान वर करून ते बघायची. सुखाच्या अशा गोष्टी आपण बघतो, पण साठवून ठेवत नाही. त्या रोजच्याच असतात, उद्याही असणार असतात.

मैत्री नऊ वर्षांची असताना, सीताफळांच्या दिवसांत, ती नेहमीप्रमाणे धावत जाऊन कौसाईला बिलगली आणि कौसाई एक पाऊल मागं सरली. तिनं मुलीला उजव्या बाजूला वळवून घेतलं. कोकरूही तिनं त्या दिवशी उजव्याच हातावर धरलं होतं. मी विचारलं, काय झालं?

"शेळीनं धडक मारली. हुईल बरं."

मी विश्वास ठेवला. मला ठेवायचा होता म्हणून ठेवला, हे आज कळतं. परीक्षा, प्रशिक्षण, निवडणुकीची ड्यूटी. माझ्याकडं न विचारण्याची पुष्कळ कारणं होती. हिवाळा गेला. ज्वारीची काढणी सुरू झाली. तिची चोळी सैल झाली, गालांची हाडं वर आली, आणि तिच्या त्या ओळखीच्या वासात काहीतरी वेगळं, कडवट मिसळू लागलं. एका दुपारी ती माझ्याकडं ज्वारीची कणसं घेऊन आली तेव्हा तिच्या डाव्या बाजूला चोळीवर एक डाग दिसला. दहा वर्षांपूर्वीही डागच पाहिला होता. हा दुधाचा नव्हता.

मी दार लावलं. "दाखवा मला."

"काय न्हाई वो बाई."

"कौसाबाई, दाखवा."

तिनं पाठ फिरवली, बटणं काढली आणि मग सावकाश वळली. डाव्या स्तनाची त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली होती, बोंड आत ओढलं गेलं होतं, आणि कडेला एक जखम होती, तिच्यावर कुठल्याशा पाल्याचा वाळलेला लेप. मी विचारलं, किती दिवस? तिनं बोटं मोजली आणि मग मोजणं सोडून दिलं. "पयल्यांदा घेवड्याच्या बीएवडी व्हती," ती म्हणाली. "दुखत बी नव्हती. म्हनलं जाईल आपोआप."

"मला का नाही सांगितलं? मी चार हातांवर राहते!"

ती बराच वेळ चोळीची बटणं लावत राहिली. मग म्हणाली, "कावून सांगू? हितूनच पाजलंय मैतरीला. दुसऱ्या कुन्या लेकराला न्हाई, तिलाच. ज्या जागंचं पेली ती जागा किडली म्हून तुमाला सांगू? तुमी पोरीकडं बगताना रोज तेच बगितलं आसतं. आन् तिला काय झालं आसतं तर..."

इतकी वर्षं शिकवून, पुस्तकं वाचून माझ्या मनात जी शंका कधी आली नसती, ती ही बाई एकटी दोन वर्षं उशाशी घेऊन झोपली होती. वेदनेपेक्षा, मरणापेक्षा तिला तिच्या दुधाची भीती वाटत होती.

बीडला नेलं, तिथून पुढं मोठ्या शहरातल्या दवाखान्यात. सुईनं तपासणी, फोटो, रक्त. निदान सांगायला तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना खुर्च्या दिल्या. दगडूभाऊ बसले नाहीत, टोपी हातात धरून भिंतीशी उभे राहिले. आजार बराच पुढं गेला आहे, आधी औषधं, मग शस्त्रक्रिया, असं त्या समजावून सांगत होत्या. कौसाई ऐकत होती की नव्हती, कळत नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का?

"एकच," ती म्हणाली. "माझं दूध पेलेली एक पोरगी हाय. तिला काय हुनार न्हाई ना?"

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. "नाही. हा आजार दुधातून जात नाही. आणि तुम्ही पाजलंत त्याला किती वर्षं झाली. तेव्हा तुमची छाती निरोगी होती, दूध चांगलं होतं. पाजल्यानं कुणाचं वाईट होत नाही, उलट पाजणाऱ्या बाईला या आजारापासून थोडं संरक्षणच मिळतं."

"मग मला कसा काय झाला?"

"ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमची काही चूक नाही, एवढं सांगू शकते."

कौसाईनं मान हलवली. पण पहिल्या उत्तरानंच तिचा चेहरा बदलला होता. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती मला म्हणाली, "आता काय बी हू दे." ती ते खरोखरच मनापासून म्हणाली आणि मला तिथं, त्या गर्दीत, ओरडून सांगावंसं वाटलं की कौसाई, तुम्हाला काय बी झालेलं आम्हाला चालणार नाही.

औषधांनी तिचे केस गेले. उन्हाळा संपता संपता शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर तिनं पाणी मागितलं नाही, तिनं उजव्या हातानं पट्टीवरून चाचपलं, सपाट झालेल्या जागेवर तळहात ठेवला, आणि सिस्टरना विचारलं, "कुटं ठिवलं ते?"

तपासणीला पाठवलंय, असं सिस्टर म्हणाल्या.

"आन् मग? पुरत्यात का कुटं?"

सिस्टरना प्रश्न कळला नाही. मला कळला. आपल्या पाच दिवसांच्या मुलाला तिनं डोंगराच्या पायथ्याशी पुरलं होतं. तिच्या शरीरातून जे जे गेलं त्याला माती मिळावी, एवढंच तिला हवं होतं. मी तिचा हात धरून बसले. बाहेर जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या बायका बाकांवर रांगेनं बसल्या होत्या, प्रत्येकीनं पदर छातीवरून घट्ट ओढून घेतलेला. आपल्याकडं या अवयवाला किती नावं आहेत, शिव्यांत, गाण्यांत, विनोदांत. आणि दुखतंय हे सांगायच्या वेळी एकही नाव तोंडातून बाहेर पडत नाही. त्या बाकांवर बसलेल्या बायका खूण करून सांगत होत्या, हितं, हितं दुखतं.

दिवाळीपर्यंत ती सावरली. डावा हात पूर्ण वर जात नव्हता, पण ती पुन्हा मेंढ्यांमागं जाऊ लागली, डोक्याला दगडूभाऊंचा जुना मफलर गुंडाळून. चोळीच्या त्या बाजूला तिनं लोकरीचा एक गोळा भरून घेतला होता. "तोल जातो वो चालताना," ती म्हणे.

मैत्री तेव्हा अकराव्या वर्षात होती. त्या हिवाळ्यात ती एकाएकी वाकून चालू लागली. खांदे पुढं, दप्तर छातीशी धरलेलं. कुणी जवळ घेतलं की अंग चोरायची, जेवताना घास हातात धरून बसायची. वयच तसं आहे, म्हणून मी दुर्लक्ष केलं. आई असून, शिक्षिका असून, आणि एकदा हीच चूक करून. कौसाईनं मात्र आठ दिवस पाहिलं आणि नवव्या दिवशी आमच्या अंगणात, भर उन्हात, मैत्रीला समोर बसवलं. मी दाराच्या आत भाजी निवडत होते.

"काय लपवती गं?"

"काही नाही."

"मी बी आसंच म्हनत हुते. काय न्हाई, काय न्हाई. दोन वरीस. कुटं दुखतंय?"

मैत्रीचा बांध फुटला. उजव्या बाजूला, बोंडाखाली, एक गाठ आली होती. हात लागला की दुखायची. तिनं ती महिनाभरापूर्वी आंघोळ करताना पाहिली होती आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. "मला पण तुझ्यासारखंच झालंय," ती हुंदके देत म्हणाली. "मी तुझं दूध प्यायले ना."

जे ऐकू येऊ नये म्हणून कौसाईनं स्वतःचा जीव पणाला लावला होता, तेच वाक्य तिच्याच समोर, तिच्याच लेकीच्या तोंडून आलं होतं. मी उठणार होते. पण कौसाई हलली नव्हती. तिनं मैत्रीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि इतक्या ठाम, इतक्या संथ आवाजात बोलू लागली की मी जागच्या जागी थांबले.

"ऐक. मी डागतरनीला विचारलंय. पयलं तेच विचारलं. दुधातनं काय जात न्हाई. तुज्या अंगात माझं जे गेलं ते चांगलं व्हतं, सगळं चांगलं. आन् ही गाठ न्हाई गं येडे. ही कळी हाय. सगळ्या पोरींना येती. आदी एका अंगाला येती, मग दुसऱ्या. मला बी आलती, तुज्या आईला बी आलती."

मग ती मैत्रीला घेऊन आत आली, दार लावलं आणि माझ्यादेखत चोळी काढून तिला आपली छाती दाखवली. डाव्या बाजूला काखेपर्यंत गेलेला तो लांब, गुलाबी व्रण, नांगराच्या तासासारखा सरळ. उजव्या बाजूला एक थकलेला, ओघळलेला, पण शाबूत स्तन. "हितं तुला पाजलं. हितं रोग झाला, म्हून काडून टाकलं. मी सांगितलं आसतं तर लवकर काडलं आसतं. एवडंच चुकलं माझं. लाजले." तिनं मैत्रीचे खांदे धरून मागं ओढले. "पाठ ताठ कर. वाकून चालायचं न्हाई. आन् काय बी वाटलं, दुखलं, तर बोंबलून सांगायचं."

मैत्रीनं भीत भीत हात पुढं केला आणि त्या व्रणावर बोटं ठेवली. कौसाईनं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी तपासून तेच सांगितलं. वयात येणाऱ्या मुलीच्या अंगात जे व्हायला हवं तेच होत होतं. पण मैत्री त्याआधीच सरळ चालू लागली होती.

आजार पुढच्या वर्षी परत आला. या वेळी हाडांत. पुन्हा दवाखाना, पुन्हा औषधं, पण आता डॉक्टरीणबाई बरं होण्याविषयी बोलत नव्हत्या, दुखणं कमी करण्याविषयी बोलत होत्या. शेवटचे दोन महिने ती घरीच होती. दगडूभाऊंनी तिची बाज अशी लावली होती की दारातून डोंगर दिसावा. मैत्री शाळा सुटली की तिच्याजवळ बसे, चमच्यानं पेज भरवे, ओठांच्या कडा पुसे. एकदा मी दारातच थबकले. मैत्रीनं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं होतं आणि कौसाई तिच्या पोटाशी तोंड करून झोपली होती, लहान मुलासारखी, एक हात मुलीच्या ओढणीत अडकवून. मैत्रीनं मला ओठांवर बोट ठेवून खुणावलं. मी आल्या पावली परत फिरले.

चैत्रातल्या एका सकाळी ती गेली. कळप अंगणातच थांबला होता; त्या दिवशी घंटा डोंगराकडं गेल्या नाहीत.

दहाव्या दिवशी दगडूभाऊ आमच्या दारात आले. इतक्या वर्षांत ते कधी उंबऱ्याच्या आत आले नव्हते, त्या दिवशी आले, उभ्या उभ्याच म्हणाले, "पोरीला घिऊन या बाई. पानी तिच्या हातनं द्यायचंय."

ओढ्याच्या काठी त्यांचे भाऊबंद जमले होते. मैत्री तांब्या घेऊन पुढं झाली तेव्हा कुजबुज उठली. एक वयस्कर चुलते स्पष्टच म्हणाले, "दगडू, रीत हाय का ही? कोनाची पोर हाय ती?"

दगडूभाऊंनी वर पाहिलं नाही. "तिचं दूध पेलेलं दुसरं कोन हाय?" ते म्हणाले. "आसंल तर आना."

मैत्रीनं पाठ ताठ ठेवून, दोन्ही हातांनी, पाणी सोडलं. ती रडत होती आणि तिनं ते लपवलं नाही.

आता या गोष्टीला काही वर्षं झाली. माझी बदली नेकनूरला झाली, ते घर सुटलं. दगडूभाऊंनी मेंढ्या भावाला देऊन टाकल्या. मैत्री माझ्यापेक्षा उंच झाली आहे. चालताना तिचे खांदे मागं असतात आणि दुखलं-खुपलं की ती मोठ्यानं सांगते. परवा मी कौसाईचा आवाज आठवायचा प्रयत्न केला आणि शब्द आठवले, आवाज आठवला नाही. तिचं कपाळ आठवतं, हात आठवतात, डोळ्यांचा रंग आता मला खात्रीनं सांगता येत नाही. मैत्रीला विचारलं, तुला आठवते का गं ती? ती म्हणाली, "आठवावी लागत नाही." तिचं बरोबर होतं; मैत्रीच्या हाडांत कौसाई मिसळून गेली आहे, तिला फक्त वाढत राहायचं आहे. मला मात्र आठवावं लागतं, आणि ज्याला आठवावं लागतं त्याच्या हातून काळ रोज थोडं थोडं माणूस काढून नेत असतो, इतक्या हलक्या हातानं की काय गेलं ते शोधायला बसल्यावरच कळतं.